ओळखीची खोली

दंडाला रबरी पट्टा बांधला, कोपराच्या आतल्या बाजूला कापूस फिरवला आणि नम्रताने त्या मुलीला सांगितलं, "तिकडे बघ, इकडे बघू नको." मुलगी कॉलेजात जाणारी, चेहऱ्यावर पुरळ, सुईला घाबरणारी. तिने दुसऱ्या हातातला मोबाइल डोळ्यांसमोर धरला. "ह्या चित्र बगलंय काय माका भीती वाटत नाय," ती म्हणाली. नम्रताने सुई आत घातली, नळीत रक्त चढू लागलं, आणि सवयीने तिची नजर एकदा मोबाइलवर गेली. ती खोली होती. लाल कोब्याची जमीन, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, उंबऱ्याशी येऊन मांजरासारखं बसलेलं पाणी, आणि खिडकीशी एक रिकामी खुर्ची. "मी हयसर कधीतरी गेलंय," मुलगी म्हणत होती. "खंय ता आठवत नाय. पण गेलंय. माझ्या मैत्रिणीकपण तसाच वाटता." नम्रताने सुई काढली, कापूस दाबायला दिला आणि नळीवर नाव लिहिताना मुलीचं आडनाव चुकवलं. आजवर लॅबमध्ये तिच्या हातून अशी चूक झाली नव्हती. चित्र तिच्या नवऱ्याचं होतं. ती खोली तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या शेजारी बसून काढली गेली होती. आणि ती बघून कधीतरी आपण तिथे गेलो होतो असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

विनीत मालवणात फ्लेक्सच्या दुकानात काम करायचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मसुऱ्याच्या जत्रेला येणाऱ्या पुढाऱ्यांचं स्वागत, स्कूबा डायव्हिंगचे निळे बोर्ड. दिवसभर तो लोकांचे चेहरे कापून एकमेकांशेजारी चिकटवायचा, कुणाला गोरं करायचा, कुणाच्या डोक्यावर फेटा चढवायचा. घरी आला की मेढा भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांतल्या आतल्या खोलीत जाऊन तो पेन टॅब्लेट पुढ्यात घ्यायचा आणि मग तो तिचा नसायचा. सुरुवातीला तिला बरंच वाटलं होतं. नवरा दारू पीत नाही, मित्रांत रमत नाही, घरात बसून चित्रं काढतो, अजून काय हवं. तिच्या मैत्रिणींचे नवरे रोज गोव्याला जायचे आणि रात्री परत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पण एकदा चहा घेऊन ती आत गेली तेव्हा तो पडद्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या रात्री नाही, तिच्या आजारपणात नाही. कुणीतरी हाक मारली आहे आणि आपण ओ द्यायच्या बेतात आहोत, तसं काहीतरी. तिने कप ठेवला. त्याला कळलंही नाही. चहावर साय धरली, ती बघत उभी राहिली.

"ह्या घर खंयचा?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"माका म्हायत नाय."

"तुझ्या गावचा?"

"आमच्या गावाक समुद्र खंय आसा?" तो हसला होता. विनीत दोडामार्गाकडचा. काजूच्या बागा, रबराची झाडं, केळी. समुद्र त्याने म्हणे मोठेपणी पाहिला. "म्हायत नाय गो. असाच येता. हात थंय गेलो काय माका कळता काय ह्या बरोबर, ह्या चूक. ही खिडकी हयच. ही खुर्ची अशीच. कोणी सांगूक नाय तरी." मग जरा थांबून तो म्हणाला होता, "आणि उजेड बग. दोन्ही बाजूंनी येता. वस्तूंक दोन-दोन सावल्यो पडतत. एकच काढूक गेलंय काय चूक वाटता."

तिने पाहिलं. खुर्चीला खरंच दोन सावल्या होत्या, एक दाट, एक पाण्यात भिजवल्यासारखी फिकट. तिला त्यात चूक की बरोबर काही कळलं नाही. चित्र सुंदर होतं, बस. पण पुढे ती चित्रं त्याने इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली आणि माणसं येऊ लागली. नाशिकची, मंगळूरची, कुठकुठली. प्रत्येकाला ती खोली ओळखीची वाटायची. हे माझ्या आजोळचं घर. हे मला तापात दिसायचं. मी इथे रडलो आहे. नम्रता दुपारी लॅबमध्ये यंत्र फिरत असताना ते सगळं वाचायची. सगळ्या जगाला त्या घराच्या उंबऱ्यावरून आत घेतलं होतं. दारातच थांबवलं होतं ते तिला एकटीला.

मत्सराला माणूस लागतो. घराचा मत्सर कसा करणार? म्हणून ती माणूस शोधू लागली. खुर्ची बाईची होती, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. कसं माहीत, ते सांगता आलं नसतं. पाय आखूड, टेकायची पाठ कमी उंचीची, आणि अशी तिरपी ठेवलेली, की बसणाऱ्याला खिडकीतून बाहेर बघता बघता आत खोलीत खेळणाऱ्यावरही लक्ष ठेवता यावं. तिला वाटलं, लग्नाआधीची कुणीतरी. गोव्याला शिकत होता तेव्हाची. अशा खिडक्या तिकडच्याच घरांना असतात. पणजीहून जेनिस नावाच्या एका बाईचे फोन यायचे, तिला त्याची चित्रं छापून प्रदर्शनात लावायची होती. एकदा विनीत आंघोळीला गेला असताना नम्रताने तो फोन उचलला. बाईचा आवाज पिकलेला, दमदार होता. ती साठीची तरी असावी. "तुम्ही मिसेस का?" जेनिस शुद्ध मराठीत म्हणाली. "फार छान वाटलं बोलून. तुमचे मिस्टर मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ही खोली रिकामी नाहीये, कोणीतरी आत्ताच उठून आत गेलंय, आणि मी ती परत यायची वाट बघतोय. माझ्या अंगावर काटा आला." नम्रताच्या अंगावरही आला. हे त्याने एका परक्या बाईला सांगितलं होतं. 'ती' परत यायची. ती. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. नम्रता फोन धरून उभी राहिली आणि आपल्याच घरात आपण कुणाची तरी जागा अडवून उभ्या आहोत असं तिला वाटलं.

त्यानंतर ती वाईट वागू लागली. भांडण काढायची असं नाही. त्याच्या आवडीचा बांगडा आणायची आणि तिरफळं घालायला विसरायची. तो आत बसला की मिक्सर लावायची. रात्री त्याचा हात अंगावर आला की तिला तो दुसऱ्या कुणाचा तरी अंदाज घेत चाचपडतोय असं वाटायचं, आणि ती कूस बदलायची. विनीतला काही कळायचं नाही, किंवा कळून तो गप्प बसायचा. त्याचा स्वभावच तसा होता. लहानपणापासून म्हणे तो कधी हट्ट करून रडला नव्हता. त्याची आई हे मोठ्या अभिमानाने सांगायची.

त्याच्या आईची साखर वाढलेली असायची. मार्चमध्ये नम्रता तिचं रक्त घ्यायला म्हणून एकटीच दोडामार्गाला गेली. काजूचे दिवस. अंगणात बोंडांचा आंबूस गोड वास दाटला होता, आणि लक्ष्मी, तिची सासू, ओट्यावर बसून बिया वेगळ्या काढत होती. काटक, बारीक बाई. हातांची सालं गेलेली. रक्त दिलं, चहा झाला, भाताच्या पेरणीच्या गोष्टी झाल्या, आणि उगाचच, काही मनात नसताना, म्हणजे मनात तेवढंच असताना, नम्रताने मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. "आये, ह्या बगा. तुमच्या झिलान काढल्यान. सगळे वाखाणतत."

लक्ष्मीने हात पदराला पुसून मोबाइल घेतला. लांब धरला, मग जवळ आणला. बराच वेळ बघितलं. आणि मग तो बियांच्या सुपात पालथा घातला, जसं एखादी बाई पेटती चिमणी झाकते.

"ह्या तेका कोणी दाखवल्यान?"

"कोणी नाय. तेका असाच दिसता म्हणता."

"असाच कसा दिसतला? तो थंय नेलो कोणी?"

"खंय, आये?"

सासू बिया निवडू लागली. एक बी, दुसरी बी. नम्रताला वाटलं ही आता बोलणार नाही. पण बाईच्या मनात ते इतकी वर्षं तसंच गरम राहिलं होतं, निखाऱ्यावर राख असते तसं, आणि फुंकर तर बसली होती.

"देवबागाक," ती म्हणाली. "ह्येंची ड्युटी तेव्हा एष्टीच्या मालवण डेपोत. एका किरिस्तांवाच्या परड्यात खोली घेतलेली भाड्यान. बाई एकटी होती, फ्रान्सिस्का. घोव बोटीर गेलो तो परत येवक नाय. माका छातीचो आजार झालो, माका मिरजेक ठेयलेली. झील चलूक पण लागूक नव्हतो. ह्ये गाडी चलवतले काय पोर सांभाळतले? तिच्याकडे दिल्यानी." ती थांबली. "मी बरी होवन इलंय तेव्हा तो तिच्या कडेर. चार शब्द बोलाक लागलेलो. मी हात पुढे केलंय तर तेना तोंड फिरवल्यान. तिच्या मानेत घातल्यान. माका 'बाई' म्हणालो. 'बाई, जा.'"

नम्रताने सुपातली एक बी उचलली.

"तेच दिवशी उचललंय. गावाक हाडलंय. ह्येंका म्हटलंय बदली मागा, नायतर नोकरी सोडा. पोर रडान रडान निळो झालो, जेवा नाय, झोपा नाय. मगे एके दिवशी गप झालो. तो जो गप झालो तो परत कधी रडाक नाय." हे सांगताना तिच्या आवाजात तो नेहमीचा अभिमान नव्हता. "ती एकदा हयसर इली. एष्टीन. पिशयेत खाजा घेवन. मी दार लावून घेतलंय. तो आत निजलेलो. ती खळ्यात उभी रवली बराच वेळ. हाक मारूक नाय तिना. मारल्यान असती तर तो उठलो असतो, आणि गेलो असतो. म्हणान मी तिका वायट म्हणूचंय नाय. पण नाव पण काढूक नाय या घरात. ह्ये मरेपर्यंत."

"तेका कधी सांगूक नाय तुम्ही?"

"कित्याक सांगू?" लक्ष्मीने वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "माझो झील आसा तो. तुका होया तर तू सांग. सांग आणि मगे बग तो खंय धावता."

परतीच्या एष्टीत नम्रता खिडकीशी बसली होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. कुणी प्रेयसी नव्हती, पणजीची कुणी नव्हती, एक म्हातारी होती, जिने तिच्या नवऱ्याला कडेवर घेतलं होतं. पण बांदा मागे पडलं, कुडाळ आलं, आणि हायसं काही वाटेना. उलट आता मत्सराला नाव मिळालं होतं, आणि नाव मिळाल्यावर तो पसरून बसला होता. प्रेयसी असती तर तिच्याशी स्वतःला ताडून तरी बघता आलं असतं. रंग, केस, बोलणं. शब्द फुटायच्या आधी ज्या मांडीवर झोप लागली त्या मांडीशी कोण ताडणार? आणि देवबाग. मालवणपासून देवबाग म्हणजे काय लांब? त्याने नोकरीसाठी मालवण धरलं तेव्हा सासू किती अडून बसली होती. गोव्यात जा, सगळे जातत, तुकाच मालवण कित्याक होया? त्यालाही सांगता आलं नव्हतं. आवडतं, एवढंच म्हणाला होता. लग्नाच्या वेळी तिला वाटलं होतं, आपण जवळच्या मसुऱ्याच्या म्हणून त्याला मालवण आवडतं. तिने तसं मैत्रिणींना सांगितलंही होतं. आता त्या आठवणीनेही तिचे कान तापले.

रविवारी ती स्कूटर घेऊन देवबागला गेली. विनीतला म्हणाली, घरी जाऊन रक्त घ्यायचंय, पेशंट म्हातारं आहे. यात खोटं काय होतं? रस्ता तारकर्लीच्या पुढे निमुळता होत गेला, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे माडांची पट्टी. घर विचारत गेली तर एका होमस्टेपाशी पोचली. निळ्या टाइलच्या खोल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, लाइफ जॅकेटं वाळत टाकलेली. प्लासिद नावाचा मालक, फ्रान्सिस्काचा पुतण्या, बाहेर आला. जुनं घर पाच-सहा पावसाळ्यांपूर्वी पाडलं, तो म्हणाला, समुद्राने समोरची भिंत खाल्ली होती. नम्रताने सांगितलं, ज्येष्ठ नागरिकांची रक्ततपासणी आहे, लॅबतर्फे, फुकट. तो खूश झाला. "आंटी मागच्या बाजूक आसा," तो म्हणाला. "दिसना नाय बरा तिका. मोठ्यान बोल."

म्हातारी मागच्या पडवीत खाडीकडे तोंड करून बसली होती. गुडघ्याखाली येणारा फुलांचा झगा, पांढरे केस मानेशी गुंडाळलेले. एका हाताचं कोपर दुसऱ्या तळव्यात धरलेलं, हनुवटी किंचित वर, मान खिडकीकडे कलती, म्हणजे खिडकी नव्हतीच तिथे आता, पण मान तशीच कलती. आणि ऊन पडलं होतं. मागून समुद्राचं, समोरून खाडीच्या पाण्यावरून उलटून आलेलं. नम्रताने खाली पाहिलं. म्हातारीच्या सावल्या दोन होत्या.

ती तिच्याजवळ बसली. हात मांडीवर घेतला. चामडी पातळ, सुरकुतलेली, आत शीर निळी आणि पळपुटी. या हाताच्या घडीत त्याचं डोकं असायचं. तिने पट्टा बांधला, शीर चाचपली, आणि तिला जाणवलं की आपण गरजेपेक्षा जास्त वेळ चाचपतो आहोत. म्हातारीने हात काढून घेतला नाही.

"तुझो हात थंड आसा गो," ती म्हणाली. "तू खंयची?"

"मसुऱ्याची." हेही खोटं नव्हतं. सुई आत गेली. म्हातारी हलली नाही. "तुमका पोरां किती?"

"पोरां खंय? घोव गेलो तसोच गेलो." जरा वेळाने, खाडीकडेच बघत, "एक होतो. दुसऱ्याचो. थोडे दिवस."

"नाव काय तेचा?"

"मी बाबू म्हणत होतंय. नाव तेच्या आवशीन ठेयलेला, ता तिचा. मी ता घेवक नाय कधी." नळीत रक्त संथ चढत होतं. "दर्याचो आवाज आयकान भियत होतो. म्हणान हे बाजूक बसान रवय मी. खुर्ची अशी लावय, माका खाडी पण दिसा आणि तो पण दिसा. मी उठान आत गेलंय काय रडा. वाट बघीत बसलेलो असा, परत येयसर." ती हसली. तोंडात दोनच दात. "आता मोठो बापय झालो असतलो. तेची बायल पण असतली."

नम्रताने सुई काढली. कापूस ठेवून तिचं कोपर दुमडलं. आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, मीच गो ती, तेची बायको. तोंडाशी आलं होतं. पण त्याच वेळी तिने ती मान पाहिली, ती शांत, हक्काने कललेली मान, आणि तिला दिसलं की हिला जर तो आणून दिला, तर तो इथे या पडवीत, हिच्या पायाशी बसेल, आणि कधीही न रडलेला माणूस इथे रडेल. आपल्यासमोर नाही. आपल्यासमोर तो कधीच रडणार नाही. "रिपोर्ट प्लासिदांक पाठवतंय," ती म्हणाली, आणि उठली.

"परत ये गो," म्हातारी म्हणाली. "फुकट येव नको, जेवूक ये."

घरी पोचली तेव्हा चार वाजले असतील. रक्त तिने लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं, हात दोनदा साबणाने धुतले होते. विनीत आतल्या खोलीत पडद्यासमोर बसला होता. तेच चित्र, पण मोठं. पणजीच्या प्रदर्शनासाठी. त्याचे डोळे लाल झाले होते.

"नमू, जमना नाय माका," तो म्हणाला. कधी नव्हे ते त्याने तिच्याकडे तक्रार केली. "खुर्चेर कोणीतरी बसाक होया. रिकामी ठेवन चलूचा नाय आता. बाई बसलेली काढतंय, पुसतंय. काढतंय, पुसतंय. इंटरनेटवरचे फोटो बगलंय, सगळे चूक. कशी बसता ती, माका कळना नाय."

ती दारात उभी होती. मग ती आत आली, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून आणली आणि खिडकीशी तिरपी ठेवली. बसली. एका हाताचं कोपर दुसऱ्या तळव्यात घेतलं. हनुवटी जराशी वर केली. मान कलती केली, बाहेर बघता बघता आतही लक्ष राहील इतकी.

टॅब्लेटवर पेन घासल्याचा आवाज येईना. तिला वळून बघायचं होतं, पण वळलं तर मानेची ठेवण मोडली असती. शेवटी त्याचा श्वास ऐकू आला, आत ओढलेला आणि बाहेर न सोडलेला, आणि मग एक हुंदका, अगदी लहान, कुणीतरी हातावर तोंड दाबून धरावं तसा. ती पहिल्यांदा तो आवाज ऐकत होती. तो इथे, तिच्यासमोर, तिच्याकडे बघून रडत होता, आणि तिच्याकडे बघून रडत नव्हता. मग पेन चालू लागलं. भरभर, न थांबता, घासत.

"तू अशी कधी बसनस नाय," तो म्हणाला.

"आज बसलंय."

खिडकीबाहेर शेजारच्या बाईने जाळं वाळत टाकलं होतं. नम्रताच्या मानेला रग लागली. सांगावं, तिला वाटलं. देवबाग आहे किती लांब, अंधार पडायच्या आत पोचू, म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही पण हात लावला तर कळेल. आत्ता सांगितलं तर सांगितलं. तिने ओठ उघडले, त्याच्याकडे वळायला निघाली.

"हलू नको," विनीत म्हणाला. "तशीच रव."

ती तशीच राहिली.